डबा रिकामा परत करायचा नसतो

या वेळचं पत्र पुण्याहून आलं आहे. थोडं आवरतं घेऊन देते.

"ताई, मी मूळची वसईची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला बारा वर्षं झाली. गेल्या जूनमध्ये आम्ही नव्या सोसायटीत राहायला आलो. इथे ख्रिस्ती घर आमचं एकटंच. माणसं चांगली आहेत. गणपतीत आरतीला आवर्जून बोलावलं, दिवाळीत आठ घरांतून फराळ आला. ते आठही डबे धुऊन-पुसून ओट्यावरच्या फळीवर ठेवलेत, रिकामे परत द्यायला हात धजत नाही. आता कमिटीने २५ तारखेला संध्याकाळी ख्रिसमस पार्टी ठरवली आहे. सांता, डीजे, लाल टोप्या. 'तुमचा सण आहे, तुम्हीच पुढाकार घ्या,' म्हणतात. मला मनापासून वाटतं की यात ज्याचा जन्म झाला त्याचं नाव कुठेतरी यावं. आमचे हे म्हणतात, 'केक वाटून मोकळी हो. दिवस बरे नाहीत. उद्या कुणी म्हणेल, प्रचार करतात.' परवा सात वर्षांच्या लेकाने विचारलं, 'आई, सांता आपला देव आहे का?' त्या रात्री मला झोप लागली नाही. आणखी एक. त्या आठांतला एक डबा तळमजल्यावरच्या आजोबांकडचा आहे. फराळ देऊन गेल्या आणि पंधरा दिवसांत आजी गेल्या. डब्यावर त्यांचंच नाव आहे. तो कसा परत करू? आपल्या सणाचा आनंद घेऊन त्या घरात कोणत्या तोंडाने जाऊ? — वसईची लेक"

वसईच्या लेकी,

तुझं माहेर ते माझंही माहेर, म्हणून अगं-तुगंच करते.

पत्र वाचून झालं आणि पार्टी, डीजे, कमिटी सगळं बाजूला राहिलं. माझ्या डोळ्यांपुढे ते आठ डबेच उभे राहिले. आमच्या वाडीत दिवाळीला पलीकडच्या आळीतून ताटं यायची, वर विणलेला रुमाल. आई ताट रिकामं करून घ्यायची, धुवायची, आणि परत पाठवताना त्यात काही ना काही ठेवायची. बागेतली चार केळी, दोन अंडी, काहीच नसलं तर वाटीभर साखर. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे तिला कुणी चर्चमध्ये शिकवलं नव्हतं आणि ताट पाठवणाऱ्या काकूंना कुणी देवळात. दोघींनाही ते येतच होतं. मग डिसेंबरात आमची ताटं निघायची, तोच रुमाल घालून. तेव्हा तुझा हात धजत नाही यात चुकीचं काही नाही. तुझ्या हाताला आईची शिकवण आठवते आहे, एवढंच.

तू विचारलंयस की नाताळचा खरा अर्थ या पार्टीत कसा आणू. पार्टीचं नंतर बघू. आधी तुझ्या-माझ्यापुरता तो अर्थ नीट हातात घेऊ, कारण जे आपल्याजवळ धड नाही ते वाटता येत नाही.

नाताळ हा शब्दच बघ. पोर्तुगिजांकडून आला, अर्थ साधा: जन्म. कुणाचा तरी जन्म असल्याशिवाय हा शब्द उभाच राहत नाही. आणि तो झाला कुठे, तर बेथलेहेमात. हिब्रू भाषेत बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. लूक बायबलमधल्या आपल्या शुभवर्तमानात सांगतो की रोमच्या सम्राट ऑगस्टसने शिरगणतीचा हुकूम काढला, म्हणून योसेफ आणि दिवस भरत आलेली मरिया नासरेथहून तिकडे गेली. उतारशाळेत जागा नव्हती. बाळ जन्मलं, त्याला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. गव्हाण तुला-मला समजावून सांगावी लागत नाही. गुरांपुढे वैरण टाकतात ती जागा. भाकरीच्या घरात, खाण्याच्या जागी ठेवलेलं बाळ.

ज्या ग्रीक शब्दाचं आपण 'उतारशाळा' करतो त्याचा अर्थ 'पाहुण्यांची खोली' असाही होतो. काही अभ्यासक म्हणतात, त्या काळच्या गावातल्या घरात गुरं रात्री घरातच, खालच्या अंगाला बांधत, आणि गव्हाणही तिथेच असे. म्हणजे कुणी दुष्टाव्याने दार लावून घेतलं असं नसेलही. शिरगणतीमुळे घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, आणि त्या गर्दीत कुणीतरी म्हटलं असेल, 'तिकडे गुरांच्या बाजूला ऊब आहे, तिथे टेका.' मला हे चित्र फार जवळचं वाटतं. लग्नघरात आपण नाही का, 'तुम्ही स्वयंपाकघरात आडवे व्हा,' म्हणत?

योहान त्याच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट एका ओळीत सांगतो: 'शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.' या 'वस्ती'वर माझा जीव आहे. आपल्याकडे पाहुणा वस्तीला येतो. गावात रात्री मुक्कामाला थांबते ती वस्तीची एसटी. येऊन, चहा पिऊन, उभ्या उभ्या गेलेला माणूस वस्तीला आला असं आपण म्हणत नाही. रात्र काढली, आपल्यातलं खाल्लं, आपल्या अडचणीत अंग मुडपून झोपला, तर तो वस्तीला आला. ख्रिस्ती माणसाचा नाताळ तो हा: देव आपल्यात वस्तीला आला. आपली जागा अपुरी, घरात पसारा, मनात त्याहून जास्त, आणि तरी आला. थोर होऊन नाही आला, कुणीतरी कडेवर घ्यावं लागेल इतका लहान होऊन आला.

हे जर खरं मानत असलो, तर तो आनंद वाटायचा कसा याचं उत्तरही इथेच आहे. जो स्वतः दुसऱ्याच्या घरात जागा मागून आला, त्याचं नाव कुणावर लादून सांगता येत नाही. आणि ज्याच्यासाठी देवदूतांनी मध्यरात्री आकाश उजळलं, त्याचं नाव गिळूनही टाकता येत नाही.

आता तुझ्या यजमानांविषयी. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांची भीती हवेतली नाही, आणि घर, नोकरी, लेकरू सांभाळणाऱ्या माणसाने सावध असणं हा काही श्रद्धेचा अभाव नव्हे. घटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याची, पाळण्याची आणि सांगण्याची मोकळीक दिली आहे, हे त्यांनाही ठाऊक असेल. पण शेजाऱ्यापाशी जाताना कोणी कलम घेऊन जात नाही. त्यांना एवढंच विचार: गणपतीत समोरच्या काकूंनी आपल्या लेकाला मांडीवर घेऊन उंदीरमामाची गोष्ट सांगितली असेल, एकवीस मोदक का, दूर्वा का, हे सांगितलं असेल. तेव्हा या आपला धर्म बदलायला आल्या असं आपल्याला वाटलं का? त्या त्यांच्या घरच्या सणाची गोष्ट सांगत होत्या. तेवढीच मोकळीक आपल्यालाही आहे, आणि तेवढीच पुरे आहे.

त्यांचं समाधान व्हावं म्हणून काही गोष्टी स्वतःशी पक्क्या कर. खाऊच्या डब्यात वचनाची चिठ्ठी घालायची नाही. न विचारता उपदेश नाही. त्यांच्या देवाशी आपल्या देवाची तुलना कधीच नाही. कुणाच्या दुखण्याचा, अडचणीचा, दुःखाचा फायदा घेऊन देवाचं नाव पुढे करायचं नाही. ते येशूला आवडलं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

पण कुणी विचारलं, 'तुमच्याकडे नाताळ म्हणजे नेमकं काय हो?' तर मग अंग चोरायचं नाही. 'असंच, केक कापायचा, नवे कपडे घालायचे,' असं म्हणून वेळ मारून न्यायची नाही. 'सगळे धर्म सारखंच सांगतात' असं म्हणून पळही काढायचा नाही. सरळ सांग: 'आम्ही मानतो की देव माणूस झाला. येशू हा देवाचा पुत्र आहे असं आम्ही मानतो, आणि हा त्याचा जन्मदिवस.' 'आम्ही मानतो' या दोन शब्दांत तुझी श्रद्धा पुरी येते आणि समोरच्याचीही जागा राहते.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते, तेही ऐक. मुंबईत एका कचेरीत मी सव्वीस वर्षं काम केलं. दर नाताळला डबा भरून न्यायची. सगळे आवडीने खायचे, 'तुमचा केक, तुमचा केक' करत वाट बघायचे. निवृत्तीच्या दिवशी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हात धरून विचारलं, 'इतकी वर्षं तुमचा केक खाल्ला, पण तुमच्या येशूबद्दल कधी काही बोलला नाहीत. आम्ही परके वाटलो का?' मला उत्तर देता आलं नाही. मी समजत होते की मी त्यांचा मान राखते आहे. त्यांना वाटत होतं की मी त्यांना दारातच उभं केलं आहे. ती खंत अजून जात नाही. संक्रांतीला त्या मला तिळगूळ द्यायच्या, रथसप्तमीचं, भोगीचं सगळं सांगायच्या. मी मात्र सव्वीस वर्षं अर्धंच ताट दिलं.

आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठव. 'सुवार्ता' मासिक चालवलं, मराठीत 'सुबोध बायबल' आणलं, आणि जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीवर आक्षेप घेणारेही होते. ते काही लपवून मराठी झाले नाहीत आणि काही सोडून ख्रिस्ती राहिले नाहीत. २०२४च्या जुलैत ते गेले, तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांचे वाचक होते. आणि हे आजचंही नाही. १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापून झालं, ते ओव्यांत आहे. इंग्लंडात जन्मलेल्या त्या माणसाने बेथलेहेमची गोष्ट मराठी कानांना सांगायची तर मराठी छंदातच सांगावी लागेल हे ओळखलं. तू तर जन्माची मराठी. तुझ्या सोसायटीत ही गोष्ट तुझ्या बोलीत सांगायला कितीसं अवघड आहे?

लेकाचा प्रश्न. त्या प्रश्नाने झोप उडू देऊ नकोस. असा प्रश्न पडणारं मूल घरात आहे हे चांगलं आहे. त्याला सांग, सांता देव नाही रे, सांता देवाचा भक्त. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचे बिशप होते. त्यांची गोष्ट अशी सांगतात: गावात एका गरीब बापाच्या तीन मुली लग्नाच्या होत्या आणि हुंड्याला घरात दमडी नव्हती. निकोलस रात्रीच्या अंधारात गेले आणि खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकून आले. असं तीनदा. कुणी दिलं ते कुणाला कळू नये म्हणून रात्री. ६ डिसेंबरला त्यांचा सण असतो. डच लोक त्यांना सिंटरक्लास म्हणत, त्याचा पुढे अमेरिकेत सांताक्लॉज झाला. हुंड्याची गोष्ट सात वर्षांच्या पोराला कशी सांगू म्हणशील, तर सांग. आपल्या मुलग्यांना ती लवकर कळलेली बरी. आणि ६ तारखेला त्याच्या हातून, नाव न सांगता, कुणाच्या तरी दाराशी काहीतरी ठेवून ये. त्याला सांता त्या दिवशी जो कळेल तो डीजेवाल्या पार्टीत कळायचा नाही.

आता मला सर्वांत आनंदाचं वाटतं ते सांगते. गोठा कर, येशूच्या जन्माचा देखावा. घरात कोपऱ्यात छोटासा करत असशीलच. या वर्षी तो दाराबाहेर, पॅसेजमध्ये कर, आणि एकटीने करू नकोस.

पुण्यातली सोसायटी म्हणजे दिवाळीत मुलांनी किल्ला केलाच असणार. विटा रचायच्या, गोणपाट मातीच्या पाण्यात बुडवून वर पसरायचं, हळीव पेरायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवड्याने हिरवळ आली की मावळे उभे करायचे. आपला गोठा याहून वेगळा असतो का गं? तीच माती, तेच गोणपाट. हळिवाऐवजी आपण ताटलीत नाचणी पेरतो, एवढाच काय तो फरक. तुझ्या लेकाला म्हणावं, किल्ल्यावरच्या सगळ्या मित्रांना बोलाव. त्यांच्या आयांना आधी विचार, हे विसरू नकोस. पोरं डोंगर करतील, आरशाच्या तुकड्याचं तळं करतील, आणि कुणीतरी घरून खोक्यातून मावळे घेऊन येईल. येऊ दे. मेंढपाळांच्या शेजारी एक भालदार पहाऱ्याला उभा राहिला तर गोठ्याचं काय बिघडतं? १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून लोकांपुढे बेथलेहेम उभं केलं, ते याचसाठी. साध्या माणसांना डोळ्यांनी बघता यावं, वैरणीचा वास यावा.

आणि गव्हाणी २४च्या रात्रीपर्यंत रिकामीच ठेव. आपल्याकडे ठेवतात तशी. मग बघ. मुलं विचारणारच, 'काकू, बाळ कुठंय?' तुला माईक लागणार नाही. पॅसेजमध्ये मांडी घालून बसलेली, हातांना माती लागलेली पाच-सहा पोरं असतील आणि त्यांनी आपणहून विचारलं असेल. तेव्हा सांग. मरियेला देवदूत भेटला तेव्हापासून सांग, 'भिऊ नकोस' म्हणाला तेव्हापासून. थंडीच्या रात्री रानात जागणाऱ्या मेंढपाळांचं सांग. पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांचं सांग, आणि हेही सांग की ते तीनच होते असं मत्तय कुठेही म्हणत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या, त्यावरून लोकांनी तीन धरले. मुलांना असलं काही फार आवडतं, घरी जाऊन आजोबांना कोडं घालतात. या ज्ञानी माणसांनाच आपण राजे म्हणतो. त्या राजांना पहिल्या दिवशी पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, चपलांच्या कपाटावर ठेव आणि रोज एकेक वीत पुढे सरकव. ६ जानेवारीला, राजांच्या सणाला, पोहोचू देत. गोव्यात चांदोर, कासावली, रेइश मागुश इथे त्या दिवशी मुलगे राजे होऊन निघतात, तसं तुमच्या मजल्यावरही कुणी निघालं तर मला फोटो पाठव.

गावी मुलं आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांत, आणखी एक करायची: दिवसभरात काही चांगलं केलं की गव्हाणीत गवताची एक काडी. बाळाला टोचू नये म्हणून मऊ बिछाना व्हायला हवा ना! हे कुठल्याही घरच्या मुलाला करता येतं. त्यात कुणाला बाटवणं नाही, कुणाचं काही काढून घेणं नाही.

पार्टीचं थोडक्यात सांगते. जा. मनापासून जा, लाल टोपी दिली तर घाल. त्या माणसांनी तुझ्या सणासाठी हॉल सजवला आहे, त्यांच्या मनात प्रेमच आहे. तिथे माईक मागून भाषण करू नकोस. डीजे थांबवून सांगितलेलं कुणाच्या आत उतरत नाही. फार तर मुलांकडून एक मराठी गाणं म्हणवून घे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या अभंग-भजनांच्या वळणाची किती पदं लिहून ठेवली आहेत, मराठी चर्चमधून ती अजून गातात. टाळ वाजवायला तुमच्या सोसायटीत पाच मुलं सहज मिळतील.

यजमानांना आणखी एक सांग. नाना पेठेतलं सिटी चर्च १७९२चं आहे, आणि त्याला जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेला ठिकाण हवं होतं म्हणून. ज्या पुण्यात आपण घाबरून राहतो त्याच पुण्याने आपल्या बाळाला जागा दिली होती. या वर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेला, नाताळच्या प्रार्थनेला, तिथे जा आणि हे त्यांना तिथे उभं राहून सांग.

आता डबे.

केक नको, निदान सगळ्यांना नको. त्यात अंडं असतं, आणि मार्गशीर्ष बहुधा याच दिवसांत येतो. कुणाचा गुरुवार असतो, कुणाची चतुर्थी, एकादशी. कोणत्या घरी काय चालतं ते आधी विचारून घे. विचारण्यानेच निम्मा मान जातो पोहोचून. नेवऱ्या कर, त्या तर त्यांच्या करंज्यांच्या सख्ख्या बहिणी. आणि कुलकुल कर. मैद्यात थोडा रवा, तूप, नारळाचं दूध. अंडं न घालताही छान होतात. कुलकुल करताना लेकाला जवळ बसव. नवा कोरा कंगवा आण, धुऊन घे. पेराएवढी गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबायची आणि तशीच गुंडाळत आणायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उठतात. पहिल्या वीस-पंचवीस वाकड्यातिकड्या होतील. त्याही तळ. त्याही डब्यात घाल. मुलाने केलेल्या म्हणून लोक त्याच आधी उचलतात.

सगळे डबे एकदम नेऊ नकोस. रोज एक घर. बस, पाणी पी, त्यांच्या घरचं बोलणं ऐक. आणि जाताना लेकाला घेऊन जा, डबा त्याच्या हातात दे. आठ घरांत आठ वेळा त्याला कुणीतरी विचारेल, 'काय रे, कसला सण तुमचा?' त्याला सांगू दे. त्याच्या शब्दांत जे येईल ते. तू मध्ये बोलू नकोस.

शिवाय एक नववा डबा भर. २४च्या रात्री मिस्सा आटोपून दीड-दोनला परत याल तेव्हा फाटकावर जो रखवालदार दांडा वर करेल, त्याचा. ज्या रात्री येशू जन्मला त्या रात्री बेथलेहेमच्या रानात जागे होते ते रात्रपाळीवाले, आणि सुवार्ता सगळ्यांत आधी त्यांनाच कळली. गाडी आत घेऊन पुढे जाऊ नका. उतरा, हात मिळवा, त्याच्या गावाकडची चौकशी करा.

आजोबांचा डबा मी शेवटी ठेवला, कारण तुझ्या पत्रातही तो शेवटी, आढेवेढे घेत आला होता.

तुला वाटतं की दुःखाच्या घरात सणाचा आनंद नेणं बरं दिसणार नाही. नाताळला आपण इतके दिवे लावतो की त्यातलं दुःख आपल्याला दिसेनासं होतं. पण गोष्ट पुढे वाच. हेरोद राजा बेथलेहेमच्या लेकरांवर उठला, मरिया-योसेफ रातोरात बाळाला घेऊन मिसर देशात पळाले. नाताळ होऊन तीनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, चर्च त्या मारलेल्या बाळांची आठवण करतं. मंदिरात म्हाताऱ्या शिमोनाने बाळाला हातात घेतलं तेव्हा मरियेला सांगितलं की तुझ्या काळजातूनही तलवार जाईल. रडणाऱ्या घराला परका वाटावा असा हा सण नाहीच. आणि मेंढपाळांना देवदूताने सांगितलेला पहिला शब्द 'आनंद करा' असा नव्हता. 'भिऊ नका' असा होता. एकट्या पडलेल्या माणसाला आधी तोच शब्द लागतो.

रीतभातही तुझ्या बाजूने आहे. त्यांच्याकडे वर्षभर सण करणार नाहीत, तळण घालणार नाहीत. आपल्याकडेही ज्या घरातून वर्षात माणूस गेलं तिथे नाताळची कढई चढत नाही. पण दोन्हीकडे शेजारून आलेलं घेतात. म्हणूनच तर शेजाऱ्यांनी न्यायचं असतं.

तेव्हा त्यांचा डबा सगळ्यांच्या आधी ने. पार्टीच्या, रोषणाईच्या कितीतरी आधी, एखाद्या साध्या दुपारी, चारच्या सुमाराला, ज्या वेळेला आजी चहा टाकत असायच्या. लेकाला घेऊन जा, पण शुभेच्छा देऊ नकोस. गोड न्यावं की नको असं वाटत असेल तर डब्यात कुलकुल थोडेच घाल आणि वेगळ्या भांड्यात गरम काहीतरी ने, आजोबांना संध्याकाळी खाता येईल असं. बस. आजींच्या चकल्या कशा होत्या ते सांग, खऱ्या होत्या तेवढ्याच सांग. त्या फराळ द्यायला दारात आल्या तेव्हा काय म्हणाल्या, कोणती साडी नेसल्या होत्या, आठवत असेल तर तेही. त्या घरात आता आजींबद्दल नवं काही सांगणारं कुणी येत नसेल. तू जे सांगशील ते त्यांनी अजून ऐकलेलं नाही.

येशूचं नाव तिथे काढायचं का, असं तुझ्या मनात येईल. त्यांनी काढलं तर काढ. नाही काढलं तर त्याला त्या घरी तुझ्यासोबत नुसतं बसू दे. वस्तीला येणाऱ्याला तेवढं जमतं. उठताना विचार, नाताळच्या दिवशी दुपारी आमच्याकडे वरणभात जेवायला याल का. 'नको' म्हणाले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचार.

आणि डबा देताना एक कर. तसल्या डब्यांवर नाव बाजूला, बारीक ठिपक्यांत कोरलेलं असतं. ते नाव त्यांच्या बाजूला येईल असा धरून दे.